जुना कंपायलर आणि एकेचाळीस विहिरी

आमच्या कॉम्प्युटर सेंटरात पहिले कार्ड देवाचे असे. हे कुणी ठरवलेले नव्हते, कुठे लिहिलेलेही नव्हते, पण बाहेरून कामे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. त्या काळी प्रोग्राम भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर असायचा, एका कार्डावर एक ओळ. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण श्री लिहितो, तसे लोक गठ्ठ्याच्या पहिल्या कार्डावर इंग्रजी अक्षरांत श्री पाडून आणत. मशीनला श्री समजत नसे. ते चूक दाखवून अख्खा गठ्ठा परत करी. माझ्या आधी तिथे काम करणाऱ्या गृहस्थांनी ही रोजची कटकट मिटवायला कंपायलरमध्येच ठोकाठोक करून ठेवली, की पहिले कार्ड वाचायचेच नाही, सुरुवात दुसऱ्यापासून करायची. मग ते अमेरिकेला निघून गेले आणि ही प्रथा नागपुरात मागे राहिली.

कंपायलर म्हणजे आमच्या मशीनचा दुभाषी. माणसाने फोरट्रान नावाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम तो मशीनच्या भाषेत उतरवून द्यायचा. त्याच्याशिवाय ते कपाटाएवढे मशीन म्हणजे नुसते कपाटच.

ही ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट आहे. नागपूरच्या सदर भागात एका जुन्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर आमचे सेंटर होते. दारात चपला काढायच्या, हात पुसायचे आणि मगच आत यायचे. मशीनला धूळ चालत नसे आणि ऊनही सोसत नसे, म्हणून आत एसी होता. सगळ्या इमारतीत तो एवढाच. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच्यांची कामे अचानक का वाढतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिले कार्ड मशीन वाचत नाही, पण छापते मात्र, हे कळल्यावर लोक त्यावर काय वाटेल ते लिहू लागले होते. कुणाचे श्री, कुणाचे नमो बुद्धाय, कुणाचे धाकट्या मुलीचे नाव. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून बसने येणारे एक इंजिनिअर पहिल्या कार्डावर ‘चहा पाहिजे’ असे पाडून आणत, कारण तो कागद आधी माझ्या हातात येतो हे त्यांना माहीत होते. मी त्यांना एकदाही चहा दिला नाही. पण तो कागद आला की सकाळची चिडचिड जरा कमी होई, हे खरे.

चिडचिड हा शब्द मी मुद्दाम वापरला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, सेंटरात एकटीच बाई होते, आणि माझ्या रागाची आसपासच्या चार कॉलेजांत ख्याती होती. कार्डांचा गठ्ठा रबरबँडशिवाय आणणाऱ्या एका प्राध्यापकांना मी दारातूनच परत पाठवले होते. ते नंतर रबरबँड घेऊन आले, पण गठ्ठा दुसऱ्याच्या हातून आत पाठवला.

त्या वर्षी मार्चमध्ये आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितले, की मशीनची सगळी व्यवस्था नवी येणार आहे आणि तिच्याबरोबर नवा कंपायलर. एक एप्रिलपासून कुणीही नेहमीचा हुकूम दिला की नवाच कंपायलर उठेल. जुना महिनाभर डिस्कवर राहील आणि एप्रिलअखेर पुसायचा. दोघांना कायमचे ठेवण्याएवढी जागा डिस्कवर नव्हती.

“आपले प्रोग्राम आपण दुरुस्त करू,” मी म्हटले, “पण बाहेरच्यांचे काय?”

“बाहेरचे पाहून घेतील.”

“ते काय पाहतील, साहेब? त्यातले अर्धे प्रोग्राम ज्यांनी लिहिले ते नोकरी सोडून गेले. हे लोक फक्त आकडे बदलतात आणि उत्तर घेऊन जातात.”

साहेब चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. “मग तुम्ही पाहा. सत्तावीस गठ्ठे आहेत बाहेरचे. घ्या अंगावर.”

मी घेतले. नुसते घेतले नाहीत, तर त्याच दुपारी एक नोटीस टाइप करून चपलांच्या रॅकवर चिकटवली: नव्या कंपायलरवर बाहेरचा एकही प्रोग्राम अडणार नाही आणि एकाचेही उत्तर बदलणार नाही. खाली माझी सही. आज आठवले की त्या सहीची लाज वाटते. इतकी ऐटदार सही मी लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा केली नाही.

पहिल्या दिवशी सत्तावीसपैकी सव्वीस गठ्ठे पहिल्याच कार्डावर आपटले. नव्या कंपायलरला आमची प्रथा कोण सांगणार? श्रीला चूक, नमो बुद्धायला चूक, चहाला चूक. वाचला तो एकच, पहिले कार्ड कोरे ठेवणाऱ्या गृहस्थांचा, ज्यांचा देवावरही विश्वास नव्हता आणि माझ्यावरही नव्हता.

साहेब म्हणाले, या निमित्ताने लोकांना शिस्त लावा, पहिले कार्ड काढून टाकायला सांगा. मला ते पटले नाही. हे लोक काटोलहून, उमरेडहून, भर उन्हात एसटीने गठ्ठे छातीशी धरून येत. वर्षानुवर्षे ज्या कार्डावर बोट ठेवून ते सुरुवात करत, ते मी काढून टाकायला सांगणार? मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक गठ्ठा आधी त्यातून जायचा. तो पहिल्या कार्डावर ‘ही नुसती टीप आहे, वाचू नकोस’ अशी खूण करायचा आणि पुढे कंपायलरकडे सोडायचा. त्याचे नाव मी उंबरा ठेवले. दुसऱ्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस उंबरा ओलांडून आत गेले, आणि कोराडीच्या कागदावर ‘चहा पाहिजे’ नीट छापून आले. त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला.

पण प्रोग्राम आत जाणे वेगळे आणि उत्तर तेच येणे वेगळे. नोटिशीत मी दुसरेही वचन दिले होते. ते तपासायची माझी पद्धत अगदी साधी होती. तोच प्रोग्राम, तेच आकडे, एकदा जुन्या कंपायलरवर चालवायचा आणि एकदा नव्यावर. दोन्ही कागद घ्यायचे, कडेच्या भोकाला भोक लावायचे, आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर दाबून धरायचे. दुपारी चारचे नागपूरचे ऊन मागून आले की दोन्ही कागद एक होत. आकडा आकड्यावर बसला की ठीक. बसला नाही तर तिथे काळा डाग दिसे. हात दुखून येत, पण त्या पंधरा दिवसांइतका आनंद मला नोकरीत पुन्हा क्वचितच मिळाला. एकेक गठ्ठा उजेडात धरायचा आणि वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची.

सव्वीस खुणा झाल्या. सत्ताविसावा गठ्ठा विहिरीवाल्या सरांचा होता.

हे सर जिल्ह्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत. मूळचे जवळच्याच एका खेड्यातले, बौद्ध वस्तीतले. घरात कॉलेजात गेलेले पहिलेच. गेली सहा वर्षे ते पंचक्रोशीतल्या एकेचाळीस विहिरींचे पाणी मोजत होते. दर रविवारी सायकल काढायची, दोराला बांधलेला दगड विहिरीत सोडायचा, दोर किती भिजला ते वीतभर अंतरावरच्या गाठींवरून मोजायचे, आणि वहीत लिहायचे. त्यावर त्यांची पीएचडी होती. प्रबंध टाइप होऊन तयार होता, कार्बन घालून पाच प्रती, फक्त गेल्या वर्षीच्या, म्हणजे शेवटच्या उन्हाळ्याचे तक्ते बाकी होते. आणि त्यांचे मार्गदर्शक एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. प्रबंध त्याआधी गेला नाही तर नवा मार्गदर्शक शोधा, पुन्हा नोंदणी करा, पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजातली त्यांची बढती त्यावर अडलेली होती. हे सगळे मला माहीत होते, कारण ते दर खेपेला सांगत, आणि दर खेपेला विचारत, “मॅडम, माह्या विहिरीचं गाडं अडणार नाई ना?”

“नाही अडणार सर. दारात लिहून लावलंय.”

त्यांचे दोन कागद मी काचेवर धरले आणि मे महिन्याच्या तक्त्यात तीन काळे डाग दिसले.

तीन विहिरी. जुन्या कागदावर त्यांच्यापुढे पाण्याची खोली होती, चांगली पाच-सहा वीत. नव्या कागदावर तिन्हींपुढे शून्य.

मी नव्या कंपायलरला शिव्या घातल्या. मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने. मग तो तीनशे कार्डांचा प्रोग्राम छापून घेतला आणि दोन दिवस ओळीओळीने वाचला. चूक सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

भानगड अशी होती. सगळ्या विहिरींच्या नोंदी मशीनमध्ये एकामागे एक, एकाच रांगेत ठेवलेल्या होत्या. प्रत्येक विहिरीशी यायचे, तिच्या जितक्या नोंदी असतील तितक्यांदा एक नोंद उचलायची आणि शेवटी सरासरी काढायची. चार नोंदी असल्या तर चारदा. आता ज्या विहिरीची एकही नोंद नाही तिथे किती वेळा उचलायची? एकदाही नाही, हे कुणीही सांगेल. नवा कंपायलरही तेच म्हणत होता. पण जुन्याचा स्वभाव असा, की काम किती वेळा करायचे ते तो करून झाल्यावर मोजायचा. शून्य वेळा सांगितले तरी तो एकदा हात घालायचाच. त्या विहिरीचे काहीच नसल्यामुळे त्याच्या हाती यायची रांगेतली पुढची नोंद, म्हणजे शेजारच्या विहिरीची. शेजारणीचे पाणी हिच्या नावावर छापून मोकळा.

आणि नोंदी नव्हत्या त्याचे कारण सरांच्या वहीत होते. प्रोग्राम तपासताना मी ती मागवून घेतली होती. दगड कोरडा वर आला की सर आकडा लिहीत नसत, नुसते एक टिंब देत. पाणीच नाही तर मोजायचे काय, अशी त्यांची रीत. कार्डे पाडणाऱ्याने टिंबे सोडून दिली होती. ज्याने हा प्रोग्राम लिहिला तो माणूस हुशार होता. त्याने पुढे एक ओळ लिहून ठेवली होती, की एकही नोंद उचलली गेली नसेल तर शून्य छापावे. त्या कोरड्या विहिरींसाठी त्याने जागा राखली होती. जुन्या कंपायलरने इतकी वर्षे त्या ओळीपर्यंत मशीनला पोचूच दिले नव्हते.

शनिवारी दुपारी सर आले. चपला काढल्या, हात पुसले, आणि माझा चेहरा पाहून दारातच थांबले. “काहून जी, काय झालं?”

मी त्यांना खिडकीशी नेले, दोन कागद काचेवर धरले आणि तीन डाग दाखवले. कुठल्या विहिरी ते त्यांनी नंबरावरून लगेच ओळखले. मग मी त्यांना शेजारच्या नोंदीची गोष्ट सांगितली. माझे बोलणे संपल्यावर ते पहिल्या डागावर बोट ठेवून म्हणाले, “हे आमच्या वस्तीची विहीर आहे. मे महिन्यात इच्यात पाणी नसतेच. लहानपणापासून मले माहीत आहे. आई दूरच्या विहिरीवर रांगेत उभी राहे.”

मला राग आला. तो कुणावर काढायचा हे कळेना म्हणून त्यांच्यावरच काढला. “मग सर, काहून नाही सांगितलं? आधीच्या सगळ्या तक्त्यांत, दर मे महिन्यात तिथे पाणी छापून येत होतं. तुम्ही पाहिलं नाही?”

“पायलं ना.”

“मग?”

“आता मशीन म्हणून राहिलं पाणी आहे, तं असंन. मले वाटलं, माहाच दोर आखूड पडला.”

ज्या माणसाने सहा वर्षे प्रत्येक रविवारी त्या विहिरीत दगड सोडला होता, त्याने आमच्या कपाटावर विश्वास ठेवला होता, स्वतःच्या हातावर नाही. आणि तो विश्वास ठेवायला त्याला आम्हीच शिकवले होते. चपला काढा, हात पुसा, हळू बोला.

तरी मी जे बोलले ते सांगायलाच हवे. मी म्हटले, “सर, जुना कंपायलर अजून डिस्कवर आहे. शेवटच्या उन्हाळ्याचे तक्ते मी त्याच्यावर काढून देते. टाइप झालेल्या पानांशी सगळं जुळेल. तुम्ही महिनाअखेरच्या आत प्रबंध देऊन टाका. एकेचाळीस विहिरींतल्या तीन. परीक्षकाच्या बापालाही कळणार नाही.”

हे मी त्यांच्यासाठी म्हणत होते असे मला तेव्हा वाटले. आता वाटते, निम्मे तरी मी माझ्या नोटिशीसाठी म्हणत होते. एकाचेही उत्तर बदलणार नाही. सत्ताविसावी खूण.

सर दोन्ही कागद घेऊन बाहेर गेले आणि चपलांच्या रॅकशेजारी पायरीवर बसले. बाहेर ऊन रणरणत होते. आत एसीत बसा म्हणून सांगायला मी दोनदा दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. अर्ध्या तासाने ते आत आले. त्यांच्या हातात एकच कागद होता, नव्याचा.

“नव्यावरच चालवा, मॅडम. सहाही वर्षांचे. सगळेच तक्ते पुन्हा काढा.”

“सर, तीन प्रकरणं पुन्हा टाइप करावी लागतील. महिनाअखेर होणार नाही ते.”

“नाई होणार.”

“बढती जाईल तुमची.”

“जाईन.” मग ते थोडे हसले. “मी आयुष्यभर पोरांले शिकवीन का आमच्या विहिरीत पाणी असते म्हणून? आई जिवंत आहे माही. तिच्यासमोर कसा बसू जेवायले?”

मी सगळे तक्ते पुन्हा काढले, एक साल झाले की पुढचे. प्रत्येक मे महिन्यात ती तीन शून्ये नव्याने छापून येत होती आणि सर प्रत्येकावर पेन्सिलने बारीकशी खूण करत होते. त्यांचा प्रबंध एप्रिलअखेर गेला नाही. मार्गदर्शक निवृत्त झाले. बढती त्यांच्या धाकट्या सहकाऱ्याला मिळाली. यातले काहीही त्यांनी मला कधी ऐकवून दाखवले नाही, पण मला ते आजही लागते.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी जुना कंपायलर पुसायला सांगितले. हुकूम मीच टाइप केला. त्याआधी बाहेर जाऊन नोटीस काढून आणली. सव्वीस प्रोग्रामांची उत्तरे तीच आली होती, एकाचे बदलले होते, आणि बदलले म्हणूनच ते बरोबर होते. मी कागद फाडला नाही, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. बदली झाली तेव्हा तो तिथेच राहिला असणार.

आता मी मनीषनगरला राहते. नातवाचा लॅपटॉप आपोआप काहीतरी नवे उतरवून घेतो, पडदा काळा होतो, पुन्हा उजळतो, आणि तो वर न पाहता खेळत राहतो. मी मात्र दर वेळी विचारते, तुझं सगळं पहिल्यासारखं आहे ना रे? तो म्हणतो, आजी, तू उगाच टेन्शन घेते.

सर सेंटरात पुन्हा आले ते त्या एप्रिलनंतर दोन वर्षांनी, पावसाळा संपता संपता. प्रबंध बांधून आणला होता, काळ्या कापडाचा, सोनेरी अक्षरांचा. पदवी मिळाली होती. पहिली प्रत आईला दाखवली, म्हणाले, आणि दुसरी इथे आणली. मी तक्त्यांची पाने काढली, मे महिना शोधला, आणि तीन शून्यांवरून बोट फिरवले. मग विचारले, “आई काय म्हणाल्या?”

सर मोठ्याने हसायला लागले. मशीनच्या खोलीत इतके मोठ्याने कुणी हसत नसे.

“आईनं इचारलं, एवढ्या मोठ्या पुस्तकात लिवलं काय? मी म्हटलं, आपल्या विहिरीत मे महिन्यात पाणी नसते, हे लिवलं. तं आई म्हणते, याच्यासाठी आठ वर्षं लागले काय रे तुले? मले इचारलं असतं तं मी सांगितलं नसतं काय!”